कोरड्या तोंडाचं बोरन्हाण

दोन हजार तेवीस साली संक्रांत रविवारी आली होती आणि सिद्धीचं बोरन्हाण पुढच्या रविवारी धरलं होतं. सोजरबाईंना ती तारीख आजही कुणाला विचारावी लागत नाही. त्या घरातली कितीतरी वर्षं एकमेकांत मिसळून गेली, पण बावीस जानेवारी तेवढी वेगळी उभी राहिली.

सिद्धीला पाचवं वर्ष लागलं होतं. पाच वर्षांपर्यंतच न्हाण घालायचं ही घराण्याची रीत, म्हणजे हे तिचं शेवटचं. मधली दोन वर्षं महामारीत गेली. घरातल्या घरात चार बोरं डोक्यावरून सोडली, झालं. म्हणून यंदाचं दणक्यात करायचं, असं सोजरबाईंनी गणपतीतच ठरवून टाकलं होतं. पण दिवाळीच्या तोंडाला नात दवाखान्यात गेली आणि आठ दिवसांनी परत आली ती रोजची चार इंजेक्शनं सोबत घेऊन. चार वर्षांच्या पोरीला साखर. सोजरबाईंना आधी ते खरंच वाटेना. साखर म्हणजे पेन्शन घेणाऱ्यांचं दुखणं, दुधाच्या दातांच्या पोरीला ते कसं होईल?

पोरीला घरी आणलं त्या संध्याकाळी भीमाआबांनी, म्हणजे सोजरबाईंच्या मालकांनी, सगळ्यांना समोर बसवलं.

"ही गोष्ट घराभायेर जाता कामा न्हाय. पोरीची जात हाय. उद्या लगीन कोन करंल तिच्यासंगं?"

"आबा, ती चार वर्षांची आहे," सून ऋतुजा म्हणाली.

"चाराची चोवीस व्हायला येळ लागत न्हाय."

ऋतुजानं नवऱ्याकडं बघितलं. युवराज टॉवेलच्या कारखान्यात पन्नास माणसांवर सुपरवायझर होता, पण बापापुढं त्याचा आवाज कधी वर गेला नव्हता. "थोडे दिवस राहू दे," तो म्हणाला, "मग सांगू." जेऊरच्या भावकीला आणि मोहोळला दिलेल्या बहिणीला कळवलं ते, ताप डोक्यात गेला होता म्हणून.

ऋतुजानंही कुणाला सांगितलं नाही. मात्र जानेवारी लागल्यावर ती सासूजवळ येऊन बसली.

"आई, यंदा लुटायला गोड काही ठेवायचं नाही. गोळ्या, चॉकलेट, रेवड्या, हलवा, काहीच नको. तिला गोड अजिबात चालत नाही असं नाही, पण मोजून द्यावं लागतं. लुटीत पोरं उचलतात आणि तोंडात टाकतात, तिथं मी काय मोजणार? आणि सगळी खाणार, ती एकटी बघत बसणार, तेही मला नको."

"हलव्याबिगर न्हाण?"

"दागिने कागदाचे करू. मी करते सुंदर."

म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच सोजरबाईंना जास्त लागलं. चाळीस वर्षं जेऊर, करमाळा, मोहोळ, जिथं जिथं या घराण्यात पाळणा हलला तिथं तिथं हलव्याचे दागिने गेले ते सोजरबाईंच्या हातचे. पोराच्या गळ्याचं आणि मनगटाचं माप दोऱ्यानं घेऊन लोक पाकिटातून पाठवायचे. कडक थंडीत पहाटे उठायचं, शेगडीची आच अगदी मंद ठेवायची, परातीत तीळ घ्यायचे, चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. चार दिवस फिरवल्यावर दाण्याला पांढरा काटा उभा राहतो. तोवर बोटांची सालं गेलेली असतात. त्या काट्याचं कौतुक सोडलं, तर सोजरबाईंनी आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं.

तेव्हा त्यांनी एक गोष्ट केली. ऋतुजा शाळेत शिकवायला गेली, की त्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत शेगडी पेटवायच्या. आठ दिवसांत हार झाला, बांगड्या झाल्या, मुकुट झाला. सगळं स्टीलच्या डब्यात भरून पाण्याच्या टाकीमागं ठेवलं. घालायचं नाही, आक्कांना नुसतं दाखवायचं, असं त्या स्वतःला सांगत होत्या.

आक्का म्हणजे थोरली जाऊ, बाळाबाई. न्हाणाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या जेऊरहून आल्या. काखेत बोरांचं गाठोडं, हातात उसाची मोळी, आणि चाळीस पायऱ्या चढल्यासारखा चेहरा. मोहोळहून लेक पायल आली. न्हाण एकला होतं, जेवणं त्यानंतर. सिद्धीला मात्र बाराला जेवण लागायचं, म्हणून ऋतुजानं तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि दंडात इंजेक्शन दिलं. पोरीनं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

"आई, हिला आत्ताच भरवा. ही अर्धी भाकरी, डाळ आणि दही. ताटात काही ठेवायचं नाही. औषध आत गेलंय, आता अन्न गेलंच पाहिजे. मी गच्चीवर मांडामांड बघते."

"मला सांगायला लागतंय व्हय? तीन महिनं बघायलीय की."

ऋतुजा जिना चढून गेली. सोजरबाईंनी भाकरी डाळीत कुस्करली, पहिला घास केला, तोच बाहेरून दार ढकललं गेलं.

"अगं ये, काय करायलीस?" बाळाबाई उंबऱ्यातच थांबल्या. "न्हाण व्हायचंय अजून आन् तोंड उष्टं करतीस पोरीचं?"

"आक्का, ल्हान हाय ती. भूक लागली आसंल."

"तुझा युवराज काय मोटा हुता? कोरड्या तोंडानंच बसवला हुता की पाटावर. न्हाण झालं की थोरल्या बाईच्या हातचा हलव्याचा दाना, तो पयला घास. इसरलीस?"

विसरल्या नव्हत्या. जेऊरचं ते अंगण, पाटावरचा सव्वा वर्षाचा युवराज, मागून धडधडत गेलेली मालगाडी आणि तिला भिऊन त्यानं धरलेला आक्कांचा पदर, सगळं डोळ्यांपुढं होतं. आईचा नव्हे, आक्कांचा पदर. युवराज झाला तेव्हा सोजरबाईंना तापानं धरलं आणि दूध आटलं. बाळाबाईंनी आपल्या लेकराबरोबर त्याला तीन महिने अंगावर पाजलं. तेव्हापासून आक्कांच्या कुठल्याही शब्दाला सोजरबाईंनी नाही म्हटलं नव्हतं.

बाळाबाईंनी ताट उचललं, वर झाकण घातलं आणि फळीवर ठेवून दिलं.

"तासाभराचा तर सवाल हाय."

"आक्का, तिला जरा…"

"जरा काय?"

सोजरबाईंनी वर बघितलं. बाळाबाईंच्या मागं दारात भीमाआबा उभे होते. इंजेक्शन देऊन झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायको आता काहीतरी बोलून जाणार एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांनी डोळे बारीक केले.

"काय न्हाय," सोजरबाई म्हणाल्या.

बाळाबाई पोरीला कडेवर घेऊन बाहेर गेल्या. फळीवरच्या ताटाकडं बघत सोजरबाई मिनिटभर तिथंच बसल्या. तासाभरानं काय होतंय, त्यांनी मनाशी म्हटलं. एवढीशी सुई, एवढंसं औषध.

गच्चीवर ऋतुजानं चांगली तयारी केली होती. मधोमध पाट, भोवती रांगोळी, कडेला चार टोपल्या. एकीत बोरं आणि भाजलेल्या शेंगा, एकीत ज्वारीच्या लाह्या, एकीत फुटाणे आणि हिरव्या हरभऱ्याचे घाटे. चौथी टोपली तिची खास. कारखान्यात टॉवेलाचे काप उरतात, ते युवराजकडून मागून घेऊन तिनं महिनाभर बसून चाळीस ससे शिवले होते. मुठीत मावतील एवढे, आणि प्रत्येकाच्या पोटात दोन रंगीत खडू.

काळा फ्रॉक आणि कागदाचा मुकुट घातलेली सिद्धी एक ससा पोटाशी धरून पाटावर बसली होती. कॉलनीतली पोरं टोपल्यांभोवती घुटमळत होती.

सोजरबाई वर आल्या तशी ऋतुजा लगेच जवळ आली. हळू आवाजात तिनं विचारलं, "खाल्लं ना सगळं?"

दोन हातांवर बाळाबाई पायलशी बोलत उभ्या होत्या. कठड्याजवळ भीमाआबा.

सोजरबाईंनी मान हलवली.

होय म्हणून. तोंडानं नाही, नुसती मान. ऋतुजाच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला आणि ती औक्षणाचं ताट आणायला वळली.

आता लवकर उरकलं तर बरं, असं सोजरबाईंना वाटत होतं. पण बाळाबाईंनी टोपल्या बघितल्या.

"हलवा कुटंय?"

"यंदा हलवा नाही, मोठ्या आई," ऋतुजा म्हणाली. "लाह्या आहेत, शेंगा आहेत, पौष्टिक…"

"हे काय हाय?" बाळाबाईंनी सशाचा कान धरून त्याला वर उचललं. "टावेल? न्हाण झाल्यावर अंग पुसायला व्हय?"

बायका हसल्या. ऋतुजाही हसली, पण तिचे कान लाल झाले.

"मोठ्या आई, चॉकलेट पाच मिनिटांत संपतं. हे राहतं पोरांकडं."

"ऱ्हातंय की. पर गोड कुटंय यात? सनाचं तोंड गोड नगं व्हय? तिळगूळ घ्या आन् गोड बोला म्हनत्यात, फुटाणे घ्या आन् गोड बोला म्हनत न्हाईत."

"वहिनी, चार चॉकलेटं टाकली असती तर काय बिघडलं असतं?" पायलनं तोंड घातलं. "आमच्या मोहोळला आता मोठमोठी पाकिटं वाटतात. बायका नावं ठेवतील."

"ठेवू देत."

"तुला काय, तू इथं राहतेस. नाव माहेरचं जातं."

"युवराज," बाळाबाईंनी हाक मारली, "कोपऱ्यावरच्या दुकानातनं चाकलेटाचा पुडा आन जा. मी सांगायलीय."

युवराज जिन्याच्या तोंडाशी होता. त्यानं एक पायरी खाली टाकली आणि तिथंच थांबला.

"युवराज, आणायचं नाही," ऋतुजा म्हणाली.

आता कुणीच हसत नव्हतं. कॉलनीतल्या बायका आपापल्या पोरांना जवळ ओढून रांगोळीकडं बघू लागल्या. युवराज एकदा बायकोकडं, एकदा ज्यांच्या दुधावर तो वाढला त्या बाईकडं बघत पायरीवरच उभा राहिला. ऋतुजानं सासूकडं बघितलं. एक शब्द बोला, असं ती नजर म्हणत होती. सोजरबाईंचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. त्या सिद्धीकडं बघत होत्या.

सिद्धीनं ससा मांडीवर टाकून दिला होता.

"आसं का वागतीस ते तरी सांग पोरी," बाळाबाईंचा आवाज आता खाली आला होता, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. "आमी अडानी मानसं. पोराच्या हातावर चाकलेट ठिवलं तर काय पाप हाय, सांग की."

ऋतुजानं सासऱ्यांकडं बघितलं. भीमाआबांनी नकारार्थी मान हलवली. सांगितलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. ती टोपलीतले ससे नीट लावू लागली.

दीड वाजून गेला होता. माघातलं ऊन तापायला लागलं होतं खरं, पण पोरीच्या वरच्या ओठावर घाम यायचं काही कारण नव्हतं. सोजरबाई पाटाजवळ गेल्या. कपाळ गार, ओलं. हात थरथरत होता.

"सिद्धे?"

"आजी, दिवा हलायलाय," सिद्धी म्हणाली. औक्षणाच्या ताटातला दिवा स्थिर होता.

"दिष्ट लागली," बाळाबाई पुढं आल्या. "भांडान झालं पोरीपुढं, लागनारच. मीठ-मोहऱ्या आना."

ऋतुजा धावत आली आणि पोरीपुढं गुडघ्यांवर बसली. तिनं एकदाच वर बघितलं.

"आई. भाकरी खाल्ली ना हिनं?"

चाळीस वर्षांत सोजरबाईंना एवढे डोळे कधी आपल्यावर जाणवले नव्हते. आक्का, मालक, लेक, परक्या बायका. अजून एकदा मान हलवणं सोपं होतं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "एक घासबी न्हाय. आक्कांनी ताट उचललं आन् मी उचलू दिलं. तुला खोटं सांगितलं."

ऋतुजाच्या चेहऱ्यावर राग आला नाही. रागालाही वेळ लागतो. "युवराज, माझी पर्स, ग्लुकोज आणि मशीन," ती ओरडली आणि युवराज जिन्यावरून खाली कोसळल्यासारखा गेला. पायलनं उसाचा करवा सोलून पोरीच्या तोंडाशी धरला, पण सिद्धीला चावता येईना. मान एका बाजूला पडत होती.

सोजरबाई टाकीमागं गेल्या होत्या. डबा उघडताना नख तुटलं. हाराचा दोरा त्यांनी दातानं तोडला, मूठभर हलवा पितळी तांब्यात टाकला, वर घोटभर पाणी घातलं आणि ज्या बोटांनी त्याला काटा आणला होता त्याच बोटांनी चोळून चोळून विरघळवला.

"सरक," त्या सुनेला म्हणाल्या.

"थोडं थोडं," ऋतुजा म्हणाली. "गिळतेय का बघा. सिद्धी, गिळ बाळा."

सिद्धीनं गिळलं. पुन्हा गिळलं. एका सासूनं आणि एका सुनेनं एकाच पोरीचं तोंड दोन बाजूंनी धरलं होतं. युवराज वर आला तेव्हा मशीन ऋतुजानंच त्याच्या हातातून ओढून घेतलं. बोटाला टोचलं. साखर एकावन्नावर उतरली होती; सत्तरखाली जायची नसते. पंधरा मिनिटं तिनं पोरीला मांडीवरून उतरवलं नाही. पुन्हा टोचलं. ब्याण्णव.

"मम्मी," सिद्धी म्हणाली, "माझा ससा कुठंय?"

बाळाबाई अजून मिठाची मूठ आवळून उभ्या होत्या. त्यांनी मशीनकडं बघितलं, पोरीच्या बोटावरच्या जुन्या टोचण्यांच्या ठिपक्यांकडं बघितलं. त्यांना सगळं कळायला कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून," ऋतुजा म्हणाली.

"आन् मला ताप म्हनून सांगितलं." त्या दिराकडं वळल्या. "भावजी, ह्यो तुमचा शानपना. व्हय का न्हाय?"

भीमाआबा कठडा धरून खाली रस्त्याकडं बघत होते. "पोरीच्या भल्यासाठी केलं, वयनी."

"भल्यासाठी. माज्या हातनं आज पोर गेली आसती तर मी तोंड कुटं लपवलं आसतं? म्हाईत आसतं तर मी ताट उचललं आसतं व्हय?" मग त्या धाकट्या जावेकडं बघून म्हणाल्या, "आन् तू गं? माज्या भ्यानं?"

"तुमी युवराजला पाजला हुता, आक्का."

"मग?" बाळाबाईंचा आवाज फुटला. "ते काय तुझं तोंड शिवायला पाजला हुता?"

 पायल खाली जाऊन झाकलेलं ताट घेऊन आली आणि ऋतुजानं ती अर्धी भाकरी तिथंच, पाटावर, घासाघासानं भरवली. शेवटचा घास गेल्यावर बाळाबाईंनी हातातलं मीठ कुंडीत टाकलं, हात धुतले, ज्वारीच्या लाह्यांची टोपली उचलली आणि सिद्धीच्या डोक्यावरून सावकाश सोडली. मग बोरं, मग शेंगा. पोरांनी झेप घेतली. सशांवर तर एवढी मारामारी झाली, की दोन सशांचे कान तुटले.

रात्रीच्या जेवणाआधी ऋतुजा सासूजवळून गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "आई, मी तुम्हाला विचारलं होतं." आवाज चढलेला नव्हता. सोजरबाईंना तो चढलेला चालला असता.

त्यानंतर वर्षभर सिद्धीचं ताट ऋतुजानं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. सोजरबाईंनीही मागितलं नाही. पुढच्या जानेवारीत एका सकाळी तिनं स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणून सासूपुढं ठेवला. "किती दाणे म्हणजे पाच ग्रॅम, ते बघू," ती म्हणाली. तेव्हापासून सिद्धीच्या दप्तरात, साखर उतरली तर तोंडात टाकायला, एक चपटी डबी असते, तिच्यात मोजून ठेवलेला, काटा आलेला पांढरा हलवा. वर्गातल्या पोरींना ती डबी कशाची आहे ते माहीत आहे, बाईंनाही माहीत आहे. सिद्धी आता दुसरीत आहे आणि आपलं इंजेक्शन आपण घ्यायला शिकते आहे.

युवराज सुई टोचायला शिकला. नव्या माणसाची ओळख झाली, की पहिल्या पाच मिनिटांत लेकीच्या साखरेचं सांगून मोकळा होतो, इतका की ऋतुजालाच आता कधी कधी अवघडल्यासारखं होतं. पायलनं मोहोळमध्ये पुढच्या संक्रांतीला तसेच ससे वाटले, आणि कल्पना आपलीच म्हणून सांगितली. भीमाआबांनी नातीच्या लग्नाचा विषय पुन्हा काढला नाही. दीड वर्षानं त्यांच्याच तपासणीत साखर निघाली. मशीन कसं धरायचं आणि बोटाच्या कडेला टोचलं की कमी दुखतं, हे त्यांना सिद्धीनं शिकवलं. बाळाबाई दोन हजार पंचवीसच्या श्रावणात जेऊरलाच वारल्या. त्याच्या आधीच्या संक्रांतीला त्यांच्या पणतवंडाचं न्हाण होतं. पाटावर बसवण्याआधी त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला वरणभात भरवला आणि भावकीतल्या बायका बघत राहिल्या, तर त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

सोजरबाईंची बोटं आता वाकडी झाली आहेत. दागिन्यांपुरता हलवा होत नाही, डबीपुरता होतो. त्यांना काहीही विचारलं, दूध आलं का, दार लावलं का, पोरगी जेवली का, तर हातातलं काम थांबवून, विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघून, त्या व्हय किंवा न्हाय असं मोठ्यानं म्हणतात. मान हलवून उत्तर देणं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.